ताप गावाचा, काम बाईचं, निर्णय कुणाचा?



मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धानोरा तालुक्यातल्या एका गावात हिवतापाबद्दल बैठक होती. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्यांवर पुरुष बसले. बाया भिंतीच्या कडेने, जमिनीवर. बाहेरून आलेल्या साहेबांनी सुरुवातच अशी केली की मलेरिया घालवायचा असेल तर एकट्या सरकारच्या हातून होणार नाही, गावाचा सहभाग पाहिजे. मग गावाने काय काय करायचं याची यादी त्यांनी वाचून दाखवली. घराभोवतीची डबकी बुजवायची. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करायची. संध्याकाळी मच्छरदाणी खोचून घ्यायची. पोराच्या अंगाला हात लावून ताप ओळखायचा. त्याच दिवशी आशाताईंना बोलवायचं. गोळ्यांचं पाकीट पूर्ण संपेपर्यंत रोज आठवणीने गोळी द्यायची. फवारणीच्या दिवशी घरातलं सामान बाहेर काढायचं, आणि फवारणीनंतर भिंती सारवायच्या नाहीत.

मला वहीत लिहायची सवय आहे. मी एकेक काम लिहीत गेले आणि त्याच्यासमोर, घरात ते कोण करतं, ते लिहीत गेले. यादी संपली तेव्हा जवळजवळ प्रत्येक कामापुढे एकच शब्द होता: बाई.

मग समिती निवडली. सात जण. त्यांत पाच पुरुष. दोन बायांपैकी एक आशाताई, कारण तिला घेणं भागच होतं. दुसरी बैठकीला आलीच नव्हती. तिचं नाव तिच्या नवऱ्याने सांगितलं.

बैठक उठता उठता भिंतीपाशी बसलेली एक म्हातारी बोलली. "बाबू, मच्छरदानी देल्ली तुमी, बेस झालं. पन घरात मानसं सात आन मच्छरदान्या दोन. कोनाले आत घालू न कोनाले बाहेर ठेवू, हे तं सांगून जा." सगळे हसले. तीही हसली. उत्तर मात्र कोणी दिलं नाही, आणि म्हातारीचा प्रश्न इतिवृत्तात लिहिलाही गेला नाही.

त्या प्रश्नासाठी मी हे लिहिते आहे.

आमचीही चूक झाली

पण साहेबांकडे बोट दाखवण्याआधी थोडं स्वतःकडे बघते. १९९४ साली मी कुरखेड्याच्या बाजूला नव्याने काम करू लागले होते. सप्टेंबरात एका गावात सात महिन्यांची गरोदर बाई तापाने पडली. पंधरवड्याच्या फेरीला आलेल्या कर्मचाऱ्याने बोट टोचून रक्ताची काचपट्टी घेतली, चार क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या आणि काचपट्टी तपासणीला पाठवली. तिसऱ्या दिवशी बाई बरळायला लागली. चौथ्या दिवशी खाटेची कावड करून तिला न्यायला निघाले. नाल्याला पाणी होतं. पाणी उतरेपर्यंत ती गेली. काचपट्टीचा निकाल आला तो अठरा दिवसांनी. त्यावर फाल्सिपेरम असं लिहिलं होतं.

आम्ही त्या मृत्यूचा अहवाल लिहिला. रस्ता नाही, पूल नाही, दवाखान्यात बाई डॉक्टर नाही, हे सगळं लिहिलं. ते खरंच होतं. मातामृत्यू म्हणून तो आमच्या मोर्चाच्या पत्रकातही आला. पण त्या तीन पानांत मलेरिया हा शब्द एकदाच होता. आमच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण, गर्भपात, संततिनियमनाच्या साधनांची सक्ती. त्या लढाया गरजेच्याच होत्या, आणि आजही आहेत. परंतु डास आणि ताप हे खातं आम्ही हिवताप विभागाचं समजलो. ती बाई दोन खात्यांच्या मधल्या फटीत मेली. माता-बाल आरोग्यवाल्यांनी तिला तापाची रुग्ण म्हटलं, तापवाल्यांनी गरोदर म्हटलं. आणि आम्ही, बायांची संघटना, आम्हीही त्या फटीकडे पाहिलं नाही.

याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली होती. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. तपासलेल्या बायांपैकी ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होतं आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या अभ्यासाने आपल्याला एक गोष्ट शिकवली होती: बाईचं दुखणं गर्भारपणाच्या नऊ महिन्यांपुरतं नसतं. मलेरियाच्या बाबतीत आपण तो धडा विसरलो.

हा बाईचा प्रश्न कसा?

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातूनच वेगळा झालेला गडचिरोली, हा सगळा पट्टा जंगलाचा, धानाचा, मामा तलावांचा, नाल्यांचा. इथे मलेरिया पसरवणारे ॲनॉफिलिस डास घाण गटारात नाही, तर स्वच्छ पाण्यात वाढतात. एक जात संथ वाहणाऱ्या नाल्याच्या कडेला, दुसरी धानाच्या बांधीत, तलावाच्या काठाला, रस्त्यासाठी मुरूम काढलेल्या खड्ड्यात. म्हणजे शहरात बसून 'आदिवासींनी स्वच्छता पाळावी' असं जे म्हटलं जातं, त्यात बरंचसं अज्ञान आहे. इथली बाई अंगण शेणाने सारवते, भांडी घासून लखलखीत ठेवते, आणि तरी तिला ताप येतो. रस्त्याच्या कडेचे आणि खाणींचे खड्डे काही तिने खणलेले नसतात.

महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिलेला आहे. त्यातही इथे फाल्सिपेरम जास्त. हा जंतू वेळ देत नाही. उपचार लांबला तर एक-दोन दिवसांत मेंदूवर जातो.

जिथे मलेरिया कायमचाच असतो तिथे लहानपणापासून चावे खाऊन मोठ्या माणसाच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार होते. गर्भारपणात, विशेषतः पहिलटकरणीत, ती कमी पडते. जंतू वारेत जाऊन साठतात. बाहेरून ताप फार दिसत नाही, पण आईचं रक्त कमी होत जातं, पोटातल्या बाळाचं पोषण तुटतं, मूल कमी वजनाचं जन्मतं, कधी पोटातच जातं. आपल्या बायांच्या अंगात रक्त मुळात कमी, त्यात या भागात सिकलसेल. बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी ती तग धरू शकत नाही. मग कागदावर मृत्यूचं कारण रक्तस्राव असं लिहिलं जातं. मलेरिया पुन्हा एकदा निसटतो.

आणखी एक जागा आहे, जिच्याबद्दल आपण बोलायला बिचकतो. कुरमाघर. गोंड-माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायांना राहण्यासाठी गावाच्या कडेला जी झोपडी असते, ती. अनेक ठिकाणी तिला धड दार नाही, भिंतींना भोकं, आजूबाजूला झुडपं. मी आजवर जिथे जिथे विचारलं, तिथे मला एकाच तऱ्हेचं उत्तर मिळालं. घरात मच्छरदाणी आहे, पण ती कुरमात नेत नाहीत. नेली तर परत घरात घेताना विटाळ आडवा येतो. फवारणीचे लोक घरं मोजतात, आणि कुरमाघर कुणाच्याच नावावर नसतं. म्हणजे महिन्यातले चार-पाच दिवस गावातली प्रत्येक तरुण मुलगी आणि बाई डासांपुढे उघडी झोपते. ज्या वयात तिच्या अंगात रक्त हवं, नेमक्या त्याच वयात.

कुरमाची प्रथा जावी असं मला वाटतं. पण ती जाईपर्यंत मलेरिया थांबत नाही. गेल्या काही वर्षांत काही गावांत कुरमाच्या जागी पक्की, पाण्या-संडासाची सोय असलेली घरं बांधली गेली आहेत. त्यामुळे विटाळाची कल्पनाच पक्की होते, असा आक्षेप आपल्यातल्याच काहीजणी घेतात. आक्षेप खरा आहे. पण त्या झोपडीत आज रात्री झोपणाऱ्या मुलीला मी हा आक्षेप ऐकवू शकत नाही. तिच्या डोक्यावर आधी मच्छरदाणी हवी. वाद आपण तिच्यासोबत बसून उद्या घालू.

गावाचा सहभाग ही गोष्ट नवी नाही

आपल्या देशात १९४७ साली वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख माणसं मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीने १९६५ च्या सुमारास रुग्ण एक लाखापर्यंत उतरले. सगळ्यांना वाटलं, संपलाच. आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांच्या वर गेला. डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते, जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासा व्हायला लागला होता, आणि विजय झाला म्हणून यंत्रणा सैल पडली होती.

म्हणून १९७७ मध्ये कार्यक्रम बदलला. गावोगावी ताप उपचार केंद्रं आणि औषध वितरण केंद्रं काढायचं ठरलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला गावपातळीवर आरोग्य रक्षक नेमण्याची योजना आली, महिना ५० रुपये मानधनावर. कल्पना उत्तम होती. पण निवड कुणाची झाली? बहुतेक ठिकाणी पुरुषांची. गोळ्यांचा डबा गावातल्या एखाद्या वजनदार माणसाच्या घरी. तापलेलं पोर कडेवर घेऊन बाई तिथे जाणार, त्याच्या ओसरीवर उभी राहणार, तो घरी नसेल तर परत येणार. दुसऱ्या जातीची, टोल्यावरची असेल तर जाणारच नाही. योजना कागदावर गावाची होती, डबा मात्र एका घराचा होता.

दुसरीकडे याच भागात वेगळे प्रयोगही झाले. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा भामरागडच्या त्या जंगलात रस्ता नव्हता, वीज नव्हती. मेंदूच्या मलेरियाचे बेशुद्ध रुग्ण खाटेवरून आणले जात. त्यातले काही चालत घरी गेले तेव्हाच माडियांचा औषधावर विश्वास बसला. कुरखेड्याला 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था १९८४ पासून काम करते. तिच्या नावातच सगळं आलं. शोधग्राममध्ये आदिवासींच्या आरोग्य संसदेत लोकांना विचारलं गेलं की तुमचा मोठा आजार कोणता, तेव्हा मलेरिया हा प्रश्न लोकांनीच पुढे ठेवला. आणि तिथल्याच गावच्या आरोग्यदूत बायांनी नवजात बाळांची घरी काळजी घेऊन, प्रसंगी इंजेक्शन देऊन, ३९ गावांत बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. चार-सहा इयत्ता शिकलेली बाई इंजेक्शन कसं देणार, असं विचारणाऱ्यांची तोंडं त्यानंतर जरा बंद झाली.

गोळीच्या आधीचा प्रश्न

आज १९९४ सारखी स्थिती नाही हे मान्य केलं पाहिजे. बोटातून थेंबभर रक्त काढून पट्टीवर टाकलं की वीस मिनिटांत कळतं, फाल्सिपेरम आहे की व्हायवॅक्स. काचपट्टी गावाबाहेर पाठवून वाट पाहायला नको. २०१० पासून फाल्सिपेरमसाठी देशभर आर्टेमिसिनिनच्या जोडगोळीचा उपचार ठरला. वयाप्रमाणे पाकिटांचे रंग केले: तान्ह्याला गुलाबी, मग पिवळं, हिरवं, लाल, आणि मोठ्यांना पांढरं. वाचता न येणारी बाईसुद्धा चुकणार नाही. २००५ नंतर आशा आली, आणि ती बाईच असते. तपासणी आणि पहिला उपचार खरोखर गावात आला. सहभागाच्या सगळ्या भाषणांपेक्षा या एका पट्टीने आणि एका पाकिटाने जास्त जीव वाचवले असतील.

पण हे काम बाईनेच का करावं, याचं खरं कारण कुठल्याच भाषणात मी ऐकलेलं नाही. बायका मायाळू असतात, त्यांना घराघरात प्रवेश असतो, असं सांगतात. माया राहू दे बाजूला. कारण साधं आहे. गोळी देण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: पाळी कधी आली होती?

व्हायवॅक्सचा जंतू यकृतात लपून राहतो. त्याला काढायला चौदा दिवस प्रायमाक्विन द्यावं लागतं. ते गरोदर बाईला द्यायचं नसतं. फाल्सिपेरमची नेहमीची जोडगोळी आपल्याकडच्या उपचारपद्धतीत पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, वेगळं औषध देतात आणि रुग्णाला दवाखान्यात पाठवतात. म्हणजे दीड महिन्याची गरोदर आहे की नाही, हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. दीड महिन्याची गरोदर बाई हे कुणाला सांगते? सासूलाही सांगितलेलं नसतं. लग्न न झालेली मुलगी तर मेली तरी सांगणार नाही. शर्ट-पॅन्टमधला कर्मचारी वही काढून अंगणात उभा राहून विचारणार, आणि ती सांगणार? तो विचारतच नाही. 'नाही' असं स्वतःच भरतो आणि पुढच्या घरी जातो.

हा प्रश्न चुलीपाशी बसून, पोराला मांडीवर घेऊन, हळूच विचारावा लागतो. आणि विचारणाऱ्या बाईच्या तोंडाला कुलूप असावं लागतं. गावातल्या मलेरियाच्या उपचाराचं सगळं शास्त्र या भरवशावर उभं आहे. याला मी कौशल्य म्हणते. सेवाभाव म्हणत नाही.

तसंच चौदा दिवसांचं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, माणूस कामाला लागतो, गोळ्या फळीवर पडून राहतात. काहींच्या रक्तात एका घटकाची जन्मजात कमतरता असते, त्यांना प्रायमाक्विनने लघवी काळपट होते, ते लक्षात आलं की गोळी लगेच थांबवून दवाखाना गाठावा लागतो. रोज दारावरून जाऊन 'गोळी घेतली का, लघवीचा रंग कसा' हे विचारणारी व्यक्ती पंधरा दिवसांनी फेरी मारणारी असून चालत नाही.

मानधन, म्हणजे मान किती आणि धन किती

या कौशल्याची किंमत काय? एका रक्ततपासणीचे १५ रुपये आणि एका रुग्णाला पूर्ण उपचार दिल्याचे ७५ रुपये, असा दर केंद्राच्या कार्यक्रमात अनेक वर्षं होता. चौदा दिवसांच्या फेऱ्या, पाड्यांमधलं अंतर, पावसात ओलांडलेला नाला, सगळं त्या ७५ मध्ये. कामगार म्हणायचं नाही, म्हणून पगार नाही. ती स्वयंसेविका. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या, आझाद मैदानात थंडीत बसल्या होत्या. गौरव आणि उपोषण दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला.

माझ्या माहितीतली एक आशाताई सांगत होती, "ताई, किट संपली तं मीच शिव्या खातो. लोकं म्हनते, हिनं इकून खाल्ली." पुरवठा वरून थांबलेला असतो, पण गावाला वर दिसत नाही, गावाला ती दिसते. लोकसहभागातला हा भाग नीट पाहा: अधिकार वर, जबाबदारी खाली, आणि अगदी खाली एक बाई.

फवारणीचंही तसंच. 'बाया ऐकत नाहीत, फवारणीनंतर भिंती सारवून टाकतात, औषध वाया जातं,' ही तक्रार मी कितीदा तरी ऐकली. पण पोळा किंवा दिवाळी तोंडावर असताना फवारायला आलात तर ती सारवणारच. न सारवलेलं घर म्हणजे तिची आळशी म्हणून निंदा. फवारणी कधी करायची हे ठरवताना सारवणं कधी असतं, हे सारवणाऱ्या बाईला विचारलं असतं तर औषध वाचलं असतं. मोह वेचायच्या, तेंदू तोडायच्या दिवसांत भर सकाळी कर्मचारी येतो, तर घरी कोण भेटणार? धान राखायला माळ्यावर झोपणाऱ्यांना, दुसऱ्या गावी कामाला जाऊन राहणाऱ्यांना खाटेची मच्छरदाणी काय उपयोगाची? हे प्रश्न अवघड नाहीत. ते कोणी विचारले नाहीत, एवढंच.

एका मैत्रिणीशी भांडण

आमच्या गटातली एक मैत्रीण मला म्हणते, "तू सरकारचं काम सोपं करून देतेस. आरोग्य ही शासनाची जबाबदारी आहे. गावाने करावं, बायांनी करावं म्हणत म्हणत ते अंग काढून घेतील." तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. १९९० नंतर आपण ते डोळ्यांनी पाहिलं आहे. 'लोकसहभाग' हा शब्द कितीदा तरी खर्चकपातीचा पदर घेऊन आलेला आहे.

तरी मला ते पूर्ण पटत नाही, कारण मी नाल्याच्या काठावर उभी राहिले आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, हे दर पावसाळ्याचं आहे. त्या वेळी जबाबदार शासन पलीकडच्या काठावर असतं. चोवीस तासांत उपचार हवा, तर तो गावात आधीच असला पाहिजे. दवाखाना की गाव, हा वादच चुकीचा आहे. गावात पट्टी, पाकीट आणि ते वापरणारी बाई हवी, आणि तिच्या पाठीशी बेशुद्ध रुग्णाला उचलून नेणारी गाडी, इंजेक्शन देणारा डॉक्टर आणि रक्त देणारं रुग्णालय हवं. एकाच्या नावाने दुसऱ्याला फाटा देऊ नका, एवढंच आपलं मागणं.

आणि गावाला खरी सत्ता दिली तर गाव शासनाला जाब विचारायला शिकतं, हेही याच जिल्ह्याने दाखवलेलं आहे. मेंढा (लेखा) गावाने सर्वांच्या सहमतीने निर्णय घ्यायची रीत पाडली आणि २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, ती बायांनी रस्त्यावर उतरून करवून घेतली. चंद्रपूरच्या बाया पुढे कित्येक वर्षं लढल्या आणि २०१५ मध्ये बंदी आली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. तो निर्णय घेताना लढलेल्या बायांना विचारलं गेलं नाही. त्यातूनही धडा हाच: बायांनी मिळवलेलं टिकवायचं असेल तर निर्णयाच्या जागी बाया हव्यात.

आता आपण काय मागायचं?

देशाने २०३० पर्यंत मलेरिया निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ओडिशाने २०१७ पासून दुर्गम गावांत, ताप असो वा नसो, सगळ्यांचीच तपासणी करायची मोहीम चालवली. शेजारच्या बस्तरमध्ये २०२० पासून तसंच झालं. अंगात जंतू असून ताप नसलेली माणसं तेव्हा सापडली, त्यांत गरोदर बाया होत्याच. गडचिरोलीसाठीही डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या टास्क फोर्सने आराखडा केला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याला मंजुरी दिली. म्हणजे वेळ हीच आहे. मोहीम आखली जात असताना बोललो नाही, तर नंतर आपल्या वाट्याला फक्त यादी येईल.

माझ्या मते या गोष्टी आपण धरून बसायला हव्यात. गावाच्या हिवताप समितीत निम्म्याहून जास्त बाया, आणि त्यांची निवड बायांच्या सभेत. फवारणीची तारीख आणि मच्छरदाण्यांची वाटणी बायांच्या सभेत ठरावी, माणसं मोजून, खाटा मोजून नव्हे. प्रत्येक कुरमाघर फवारणीच्या यादीत आणि त्याच्यासाठी वेगळ्या मच्छरदाण्या, ज्या तिथेच राहतील. प्रत्येक गरोदर बाईची, ताप नसला तरी, तपासणीच्या दर भेटीत मलेरियासाठी रक्ततपासणी, आणि मातामृत्यूच्या प्रत्येक चौकशीत मलेरियाचा रकाना. आशाताईला ठरावीक वेतन, आणि पावसाळ्याआधी चार महिन्यांच्या किट आणि गोळ्या गावात पोचल्याचं ग्रामसभेत वाचून दाखवणं. म्हणजे साठा संपला तर दोष कुणाचा, हे गावाला कळेल.

आणि एक काम आपलं स्वतःचं. आपल्या शिबिरांत पाळी, बाळंतपण, मारहाण यांवर आपण बोलतो. त्यात ताप घाला. तुमच्या भागात या मोसमात तापाने किती बाया गेल्या, त्यांतल्या किती गरोदर होत्या, कुणाला किती दिवसांनी गोळी मिळाली, हे लिहून काढा. सरकारी तक्त्याची वाट पाहू नका. १९९४ च्या त्या अहवालात मी जे लिहिलं नाही, ते आता निदान वहीत तरी लिहिते आहे.

त्या म्हातारीकडे मी दिवाळीनंतर गेले होते. मच्छरदाण्या दोनच होत्या. तिने स्वतःच उत्तर शोधलं होतं. एकीत गरोदर सून आणि नातू, दुसरीत दोन नाती. ती स्वतः, मुलगा आणि म्हातारा बाहेर. "आमचं काय, आमी जुनी मानसं," ती म्हणाली. समितीला जे सुचलं नाही ते तिला सुचलं होतं, आणि त्याची किंमत तिने स्वतःच्या अंगावर घेतली होती. तिला तशी निवड करावी लागू नये, त्या घरात आणखी दोन मच्छरदाण्या असाव्यात, हे पाहणं आपलं काम. आणि पुढच्या बैठकीत ती खुर्चीवर बसलेली असावी, हेही.